खंदकाचा सल्ला देणारे हजरत सलमान फारसी (रजि.)

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात चांदे नावाचे गाव आहे. चांदे असो की घाटमाथ्यापर्यंतचे दुसरे कोणतेही गाव, तेथे ज्यांनी विहीर खणली आहे किंवा घराचा पाया काढला आहे त्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वरची माती फावड्याने निघते, तिच्याखालचा मुरूम टिकावाने फुटतो आणि त्याखाली काळा पाषाण लागला की पहारीचा झणका थेट खांद्यापर्यंत जातो. हा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून घडलेला आहे. मदीना शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पसरलेली काळ्या दगडांची पठारेही त्याच जातीची आहेत. मुळशीच्या शेतकऱ्याला मदीनेतील त्या भुईवर उभे केले तर इथे कुदळ चालणार नाही, हे तो पाहताक्षणी सांगेल.

आपल्या बोलीत ‘खंदक’ हा शब्द इतका मुरला आहे की तो बाहेरून आला आहे याची आठवणही राहत नाही. चाकणच्या संग्रामदुर्गाभोवती खंदक होता, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याभोवती तो आजही आहे. शब्द मूळचा इराणी, खोदणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. अरबस्तानच्या युद्धनीतीत या शब्दामागची कल्पना ज्यांनी नेली ते हजरत सलमान फारसी (रजि.) होत. त्यांचे चरित्र तुम्ही लहानपणी ऐकले असेल. मात्र ते विसावले आहेत त्या भूमीवर सुमारे तेराशे वर्षांनी पुण्याच्या नावाचे एक सैन्य खंदकांवर चाल करून गेले, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. ती हकीकत शेवटी येईल. आधी त्यांचे जीवन पाहू.

त्यांनी स्वतः सांगितलेला आपला वृत्तांत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्यामार्फत आपल्यापर्यंत पोहोचला आहे. त्यानुसार त्यांचा जन्म इराणातील इस्फहानजवळच्या जय्य नावाच्या गावी झाला. वडील गावचे प्रमुख, जमीनदार आणि अग्निपूजक होते. मुलावर त्यांचे प्रेम इतके होते की एखाद्या मुलीला पडद्यात ठेवावे तसे ते त्याला घरात ठेवीत. पवित्र अग्नी क्षणभरही विझू न देण्याची सेवा त्याच्याकडे होती. एके दिवशी काही अडचणीमुळे वडिलांनी त्याला शेतावर पाठवले. वाटेत ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनागृह लागले. आतील प्रार्थनेचा आवाज ऐकून तो आत गेला आणि सूर्यास्तापर्यंत तेथेच थांबला. शेत राहिले बाजूला. घरी आल्यावर त्याने सारे खरे सांगितले, तेव्हा वडिलांनी त्याच्या पायांत बेड्या घातल्या.

त्या बेड्या तोडून ते शाम देशाकडे निघालेल्या काफिल्याबरोबर गेले. तेथे ज्या धर्मगुरूची सेवा त्यांनी पत्करली, तो लोकांकडून दानधर्मासाठी पैसा गोळा करी आणि गोरगरिबांना न देता घड्यांमध्ये साठवी. एखाद्या तरुणाची श्रद्धा अशा अनुभवाने कायमची उडाली असती. सलमान (रजि.) यांनी मात्र माणसाचा दोष सत्याच्या माथी मारला नाही. त्या धर्मगुरूच्या जागी आलेला पुरुष अत्यंत सज्जन व ईशपरायण होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच सांगण्यावरून ते मोसुलला गेले, तेथून नसीबीनला आणि नसीबीनहून अमूरियाला. प्रत्येक ठिकाणी एका सत्शील वृद्धाची सेवा, त्याचा मृत्यू आणि पुढचा पत्ता, असा हा अनेक वर्षांचा प्रवास होता. अमूरियाच्या सत्पुरुषाने मरणापूर्वी त्यांना पुढचा पत्ता दिला नाही, तर खुणा दिल्या. अरबांच्या भूमीत एका प्रेषिताचे आगमन होणार आहे. काळ्या दगडांच्या दोन पठारांमधील खजुरीच्या प्रदेशात ते स्थलांतर करतील. ते भेट स्वीकारतील, परंतु सदका खाणार नाहीत, आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये प्रेषितत्वाची मुद्रा असेल.

अमूरियात मेहनत करून त्यांनी काही गाई व शेळ्या जमवल्या होत्या. ही सारी पुंजी त्यांनी कल्ब टोळीच्या व्यापाऱ्यांना देऊ केली आणि मोबदल्यात अरबस्तानात नेण्याची विनंती केली. व्यापाऱ्यांनी जनावरेही घेतली आणि वादी-अल-कुरा येथे पोहोचताच त्यांना गुलाम म्हणून विकूनही टाकले. पुढे ते बनू कुरैझा टोळीतील एका यहुदी माणसाकडे विकले गेले आणि अशा रीतीने मदीनेत येऊन पोहोचले. दोन काळी पठारे आणि मध्ये खजुरीच्या बागा पाहताच त्यांनी गाव ओळखले. विचार करा, वाचकहो! ज्या गावासाठी त्यांनी सर्वस्व दिले, त्या गावात त्यांचे पाऊल पडले तेव्हा स्वतःच्या देहावरही त्यांचा हक्क राहिला नव्हता.

इ. स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून कुबा येथे आले. ती वार्ता सलमान (रजि.) यांच्या कानी पडली तेव्हा ते खजुरीच्या झाडावर चढून काम करीत होते. अंगाला असा कंप सुटला की खाली उभ्या मालकाच्या अंगावर आपण कोसळतो की काय असे त्यांना वाटले. खाली उतरून त्यांनी चौकशी केली, तर मालकाने जोराचा ठोसा मारून कामाला लावले. संध्याकाळी जमवलेला थोडा खजूर घेऊन ते कुबा येथे गेले आणि तो सदका म्हणून पुढे ठेवला. प्रेषितांनी (स.) तो सोबत्यांना दिला, स्वतः खाल्ला नाही. पुढच्या वेळी त्यांनी भेट म्हणून खजूर नेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतःही खाल्ला. तिसऱ्या खुणेसाठी ते बकी कब्रस्तानात एका अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या पाठीमागे घुटमळू लागले. प्रेषितांनी (स.) हेतू ओळखला आणि खांद्यावरची चादर खाली सरकू दिली. मुद्रा दिसली आणि सलमान (रजि.) रडत कोसळले.

तरीही गुलामी संपली नव्हती. बद्र झाली, उहुद झाली. दोन्ही प्रसंगी ते मालकाच्या बागेत राबत होते. शेवटी मालकाशी सुटकेचा करार ठरला : खजुरीची तीनशे रोपे लावून जगवून द्यायची आणि चाळीस ऊकिया सोने भरायचे. प्रेषितांनी (स.) सोबत्यांना मदतीचे आवाहन केले. कोणी तीस रोपे आणली, कोणी वीस, कोणी पंधरा, कोणी दहा, ज्याची जशी ऐपत. सलमान (रजि.) यांनी खड्डे खणले आणि रोपे प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने लावली. एकही रोप मेले नाही. सोन्याचीही सोय झाली आणि ते मुक्त झाले. कर्जात बुडालेल्या भावाला सोडवण्यासाठी आपल्या वस्तीत कधी अशी तीस-वीस-दहा रोपे जमतात का, हा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

स्वतंत्र माणूस म्हणून त्यांनी पाहिलेले पहिले युद्ध म्हणजे खंदकाची लढाई. हिजरी सन ५, म्हणजे इ. स. ६२७. मक्केचे कुरैश, गतफान आणि इतर टोळ्या मिळून सुमारे दहा हजारांचे सैन्य मदीनेवर चालून येत असल्याची खबर आली. मदीनेत लढू शकणारे पुरुष सुमारे तीन हजार होते. उहुदच्या वेळी शहराबाहेर पडून लढल्याचा अनुभव ताजा होता. प्रेषितांनी (स.) सोबत्यांशी विचारविनिमय केला आणि त्या सल्लामसलतीत हजरत सलमान (रजि.) यांनी आपल्या देशातील रीत सांगितली. घोडदळाचे भय असले की इराणी लोक भोवती खंदक खोदीत.

हा सल्ला कोणाचा होता ते पाहा. बोलणारा परदेशी, कालपरवापर्यंत गुलाम, त्याच्या पाठीशी ना टोळी ना घराणे. अरब समाजात वंशावळीवर माणसाचे वजन ठरत असे. शिवाय त्याने सांगितलेली युक्ती अग्निपूजक सम्राटांच्या सैन्याची होती. तरीही ती ऐकली गेली, पटली आणि लगेच अमलात आली. युक्ती उपयोगाची आहे ना, एवढेच पाहिले गेले.

पूर्व-पश्चिमेची काळी पठारे घोड्यांना अडवीत होती आणि दक्षिणेला दाट बागा व वस्त्या होत्या. उघडी बाजू उत्तरेची, म्हणून खोदायचे ते तिकडे. दर दहा माणसांमागे चाळीस हात लांबीचे काम वाटून देण्यात आले. तीन हजार माणसांचा हिशेब केला तर ही लांबी बारा हजार हात, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर होते. हाताशी दिवस अगदी थोडे होते आणि हत्यारे अपुरी. कुदळी, फावडी, टोपल्या यांतील काही बनू कुरैझाकडून उसनी आणलेली होती. निघालेली माती शहराच्या बाजूला टाकून तिचा आडोसा उभा राहिला आणि मागे सलअ डोंगराचा आधार घेतला गेला.

त्या कामाचे जे वर्णन हदीस व चरित्रग्रंथांत येते, ते वाचताना एकही गोष्ट सजवलेली वाटत नाही. दिवस थंडीचे, वारा बोचरा, अन्नाचा दुष्काळ. लोक भूक मारण्यासाठी पोटावर दगड बांधीत. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) माती वाहत होते आणि त्यांच्या पोटावर धुळीचा थर बसला होता, भुकेचा दगड त्यांच्याही पोटावर होता. खोदणारे श्रम हलके व्हावेत म्हणून एका सुरात काव्यपंक्ती म्हणत आणि प्रेषित (स.) त्यांच्या सुरात सूर मिसळीत. हजरत जाबिर (रजि.) यांनी त्यांची भूक पाहिली, घरी जाऊन एक लहानसे करडू कापले आणि पत्नीने थोडे जव दळले. चार-दोघांना पुरेल एवढे ते जेवण. प्रेषितांनी (स.) मात्र खंदकावरील सर्वांनाच बोलावले आणि अल्लाहच्या कृपेने सगळे जेवून उरले.

सलमान (रजि.) अंगाने दणकट होते आणि एकटे अनेकांचे काम उरकीत. त्यामुळे मुहाजिर म्हणू लागले की ते आमचे आणि अन्सार म्हणू लागले की ते आमचे. प्रेषितांनी (स.) हा गोड वाद मिटवला तो सलमान (रजि.) यांना आपल्या घराण्यातील, अहले बैतमधील ठरवून. बापाने बेड्या घातलेल्या आणि व्यापाऱ्यांनी विकलेल्या माणसाला मातीच्या ढिगाऱ्यावर उभे असताना घर मिळाले.

एका ठिकाणी असा खडक लागला की कुदळी बोथट झाल्या. मुरुमाखाली काळा दगड लागला की काय होते, हे तुम्ही जाणता. प्रेषित (स.) स्वतः खंदकात उतरले आणि त्यांनी तीन घाव घातले. प्रत्येक घावासरशी ठिणगी चमकली आणि त्यांनी शाम, इराण व यमन हे देश आपल्या अनुयायांच्या हाती येण्याची शुभवार्ता दिली. मदाइनच्या श्वेत राजवाड्याचाही त्यात उल्लेख होता. सलमान (रजि.) यांच्या कानांवर ती वार्ता कशी पडली असेल! ते तर त्याच साम्राज्याचे प्रजाजन होते. दांभिक लोक मात्र हसले. नैसर्गिक विधीला बाहेर जाण्याचीही चोरी झालेली असताना सम्राटांच्या खजिन्यांची स्वप्ने दाखवली जात आहेत, असे ते म्हणू लागले. खंदकात अडकलेल्या माणसाचे जिणे किती कोंडलेले असते, हे त्या कुजबुजीतूनही कळते.

सैन्य आले आणि समोर खंदक पाहून थबकले. असला प्रकार अरबांनी पाहिलेला नव्हता. जवळपास महिनाभर वेढा चालला. बाण, दगड, रात्रीची गस्त, झोप नाही. अरुंद जागा हेरून अम्र बिन अब्दे वुद्द काही स्वारांसह घोडा उडवून आत आला आणि हजरत अली (रजि.) यांच्या हातून मारला गेला. एके दिवशी मारा इतका सतत होता की अस्रची नमाज वेळेवर अदा करता आली नाही, ती सूर्यास्तानंतर अदा झाली. मागच्या बाजूने बनू कुरैझाने करार मोडल्याची बातमी आली, तेव्हा तर बायका-मुलांच्या काळजीने सर्वांचे प्राण कंठाशी आले. सूरह अल-अहजाबमध्ये या भीतीचे चित्र आहे. तेथे श्रद्धावंतांच्या हादरण्यावर पांघरूण घातलेले नाही.

मग एका रात्री वादळ सुटले. शत्रूच्या छावणीची खबर आणायला कोण जातो, असे प्रेषितांनी (स.) विचारले. थंडी, भूक आणि भय इतके होते की कोणी उठले नाही. तेव्हा त्यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांना नाव घेऊन उठवले. ते अंधारात छावणीत जाऊन बसले. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याची ओळख पटवून घ्यावी असे अबू सुफयानने बजावताच हुजैफा (रजि.) यांनीच आधी शेजाऱ्याचा हात धरून तू कोण म्हणून विचारले! तंबू उडत होते, चुली विझत होत्या, टोळ्या परत फिरत होत्या. ते कुडकुडत परतले आणि प्रेषितांनी (स.) आपल्या चादरीचे टोक त्यांच्यावर पांघरले. एवढ्या मोठ्या वेढ्यात दोन्ही बाजूंची जीवितहानी अगदी मोजकी झाली. खंदकाने शत्रूला मारले नाही, थोपवून धरले. हुजैफा (रजि.) यांचे नाव लक्षात ठेवा.

तुमच्यापैकी जे उमराह किंवा हजला गेले असतील, त्यांना सलअ डोंगराच्या पायथ्याची ‘सबआ मसाजिद’ ही जागा आठवत असेल. तेथील एक छोटी मशीद सलमान फारसी (रजि.) यांच्या नावाने ओळखली जाते. खंदक आता दिसत नाही.

दहा वर्षांनी, हिजरी १६ मध्ये, हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे सैन्य दजला नदीकाठी मदाइनला भिडले. श्वेत राजवाड्यातील लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायला सलमान (रजि.) पुढे झाले. खडकावरची ती ठिणगी ज्या वास्तूविषयी होती, तिच्या दारात ते उभे होते. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना त्याच मदाइनचे प्रशासक नेमले. बैतुलमालमधून मिळणारी हजारो दिरहमची रक्कम ते वाटून टाकीत आणि स्वतः खजुरीच्या पानांच्या टोपल्या विणीत. एका दिरहमची पाने आणायची आणि माल तीन दिरहमला विकायचा. त्यातील एक दिरहम पुढच्या पानांसाठी, एक घरासाठी, एक सदक्यासाठी. बाहेरून आलेल्या एका माणसाने त्यांना हमाल समजून डोक्यावर ओझे दिले. वाटेत लोक प्रशासकाला सलाम करू लागले तसा तो घाबरला, पण सलमान (रजि.) यांनी ओझे त्याच्या मुक्कामी पोहोचवूनच खाली ठेवले.

त्यांच्या वयाविषयी अचाट आकडे सांगितले जातात, त्यात शिरण्याचे कारण नाही. हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीच्या अखेरच्या सुमारास मदाइन येथे त्यांचे निधन झाले. शेवटच्या आजारात ते रडत होते. कारण विचारता कळले की, प्रवाशाच्या शिदोरीपेक्षा अधिक काही जवळ बाळगू नये हे प्रेषितांना (स.) दिलेले वचन आपल्याकडून मोडले की काय, ही धास्ती होती. जवळ काय होते? एक वाडगे, एक भांडे, असलेच काही. आज त्या जागेला सलमान पाक म्हणतात. बगदादपासून ती सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. मदाइनचे प्रशासक म्हणून त्यांच्यानंतर आलेले हजरत हुजैफा (रजि.) हेही तेथेच विसावले आहेत. खंदकाचा सल्ला देणारा आणि खंदकाच्या शेवटच्या रात्री अंधारात गेलेला, असे दोघे एका आवारात आहेत.

आता ती राहिलेली हकीकत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी इराकमध्ये धाडलेल्या फौजेचा कणा होती सहावी डिव्हिजन. तिचे नावच पूना डिव्हिजन होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती फाव बंदराजवळ उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, म्हणजे तुमच्या-माझ्या जिल्ह्यांतील माणसे. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी जनरल टाउनशेंडच्या हुकमाने या सैन्याने तुर्कांच्या खंदकांवर हल्ला केला. ते खंदक खोदलेले होते सलमान पाकसमोर, इराणी सम्राटांच्या पडक्या कमानीच्या परिसरात. मुस्लिम सैनिकांच्या भावना जाणून ब्रिटिशांनी लढाईला टेसिफॉन हे जुने ग्रीक नाव वापरले. तुर्क मात्र तिला सलमान पाकचीच लढाई म्हणतात. त्या पवित्र जागी खलिफाच्या सैन्याविरुद्ध लढण्यास काही पठाण शिपाई नाखूश होते आणि त्यांची पलटण आधीच मागे धाडण्यात आली होती.

सपाट, आडोसा नसलेल्या मैदानातून पहिली रांग घेतली गेली, दुसरी हाती राहिली नाही. हल्ला करणाऱ्यांपैकी साडेचार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, तुर्कांची त्याहून जास्त. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या मालवाहू गाड्यांत घालून कित्येक मैल नदीपर्यंत नेले. हाडे मोडलेल्या माणसांना त्या गाड्यांतून जाताना काय सोसावे लागले, ते सांगवत नाही. मागे हटलेले सैन्य कुत येथे वेढले गेले. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ते तेथील खंदकांत होते. जानेवारीत दजला फुगली आणि खंदक पाण्याने भरले. धान्य संपत आले. घोड्याचे मांस खायला हिंदी शिपाई तयार होईनात. हिंदुस्थानातून धर्मपंडितांची अनुमती मागवण्यात आली तरी पुष्कळांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत ते टाळले. अखेर सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यांतील हजारो परतलीच नाहीत.

या शिपायांना आज दोष देणे सोपे आहे. महिना अकरा रुपये पगार मिळे. कोरडवाहू मुलखातील घरांना त्या पैशाची किंमत होती. ज्या खंदकावर ते पाठवले गेले तो कोणी व का खोदला, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मदीनेत ज्याने खंदक सुचवला त्याला सल्लामसलतीत जागा होती, आणि ज्यांनी हुकूम दिला ते स्वतः माती वाहत होते.

महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक लहानशी दगडी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती जण गेले आणि किती मेले, ते तीवर कोरलेले असते. तुमच्या गावात तशी पाटी असेल तर एकदा थांबून वाचा. नावे नसतात, फक्त दोन आकडे असतात. त्यांतील कोण सलमान पाकच्या मैदानात पडला, कोण कुतच्या खंदकात उपाशी राहिला, हे पाटी सांगत नाही. घरातल्या जुन्या माणसांना ते ठाऊक असेल तर विचारून लिहून ठेवा.